१०१.१ साठी १४१ सेंटिमीटर

मामांनी कुवेतची नोकरी सोडून येताना एक ट्यूनर आणला होता. रुपेरी चेहरा, लाकडी पेटी, काचेमागे हिरवट उजेड आणि त्या उजेडात आकड्यांच्या दोन पट्ट्या: वर एफएम, खाली एएम. १९८० च्या दशकातल्या नांदेडमध्ये वरच्या पट्टीवरचा काटा ८८ पासून १०८ पर्यंत कितीही फिरवला तरी पावसासारखा एकसुरी आवाज यायचा. भारतातले पहिले एफएम प्रक्षेपण जुलै १९७७ मध्ये मद्रासला सुरू झाले होते, पण नांदेडच्या आकाशवाणीचे एफएम केंद्र यायला १९९० चे दशक उजाडले. तोवर मामा खालच्या पट्टीवर परभणी लावत. वळवाच्या दिवसांत बातम्यांच्या मध्येच विजेचा कडकडाट ऐकू आला की तेच उठून ट्यूनरची पिन काढत.

पुढे तो ट्यूनर माझ्याकडे आला. १०१.१ वर काटा नेला तर नांदेड केंद्र लागले खरे, पण खरखरीत बुडालेले. तेच केंद्र साधा मोबाइल हेडफोनची वायर खोचून स्वच्छ ऐकवत होता. दोन कारागिरांनी पेटी उघडून पाहिली आणि आतला एफएमचा भाग गेला असे सांगितले. मलाही ते पटले होते. मग एका रविवारी धूळ पुसताना ट्यूनर उलटा फिरवला. मागे अँटेनासाठी चार स्क्रू, आणि त्यातल्या एकाला वीतभर लांबीची उघडी वायर लोंबत होती. बिघाड तेवढाच होता.

त्यानंतर नांदेडमध्ये, उदगीरला, लातूरला अशा बऱ्याच जुन्या पेट्यांशी गाठ पडली. बहुतेकांच्या आत काही मोडलेले नव्हते. त्यांना ऐकू येण्यासाठी बाहेर जे लागते ते कुणी लावलेच नव्हते. ट्रान्झिस्टरला ओढून लांब करायची दांडी असते. ट्यूनरला एएमसाठी आत फेराइटचा गज असतो, पण एफएमसाठी काहीच नसते. बनवणाऱ्याने गृहीत धरलेले असते की मालक अँटेना लावेल. आपल्याकडे या पेट्या आल्या तेव्हा माळवदावर, गच्चीवर टीव्हीचा अँटेना होता, रेडिओसाठी वेगळा अँटेना लावायची रीत उरली नव्हती. त्याआधीच्या पिढीला ती माहीत होती. व्हॉल्व्हच्या रेडिओला भिंतीच्या या टोकापासून त्या टोकापर्यंत तांब्याच्या जाळीची पट्टी ताणलेली असे, तिच्या दोन्ही टोकांना चिनी मातीचे पांढरे मणी. ती पट्टी अजून काही जुन्या वाड्यांत दिसते आणि हौसेने ती ट्यूनरला जोडणारेही भेटतात. मीडियम वेव्हसाठी ती उत्तम आहे, कारण तिथे जितकी लांब वायर तितके बरे असा साधारण हिशेब चालतो. एफएमला तसे चालत नाही. इथे वायरची लांबी ठरलेली असते.

हिशेब शाळेतला आहे. रेडिओ लहर सेकंदाला ३० कोटी मीटर धावते. नांदेड केंद्राची लहर सेकंदाला १० कोटी ११ लाख वेळा हेलकावते. म्हणजे ३०० भागिले १०१.१, एका लहरीची लांबी २.९७ मीटर. तिच्या निम्म्या लांबीच्या धातूच्या कांबीत वीज या टोकापासून त्या टोकापर्यंत त्याच ठेक्यात डोलते, योग्य वेळी ढकललेल्या झोक्यासारखी. कांबीच्या टोकांच्या परिणामामुळे प्रत्यक्षात सुमारे पाच टक्के कमी धरावे लागते. १.४८ मीटरमधून तेवढे वजा केले की १.४१ मीटर उरतात. एकशे एक्केचाळीस सेंटिमीटर, मध्ये तोडून दोन्ही बाजूंना सत्तर-सत्तर. यालाच डायपोल म्हणतात. सगळीच केंद्रे ऐकायची असतील तर पट्ट्याचा मध्य, म्हणजे ९८, धरून १४५ सेंटिमीटर ठेवावे. दोन-चार सेंटिमीटरच्या फरकाने काही बिघडत नाही. वीतभर वायर आणि दीड मीटर वायर यांतला फरक मात्र कानाला लगेच कळतो.

तो इतका का कळतो, याचे कारण एफएमच्या स्वभावात आहे. अमेरिकेच्या एडविन आर्मस्ट्राँग यांना १९३३ मध्ये या पद्धतीचे पेटंट मिळाले. एएममध्ये आवाज लहरीच्या उंचीत भरलेला असतो, आणि वीज, मोटार, पंपाचा स्टार्टर हे सगळे त्या उंचीतच ढवळाढवळ करतात. आर्मस्ट्राँगनी आवाज हेलकाव्यांच्या वेगात भरला. उंचीतले चढउतार रेडिओ छाटून टाकतो, आणि त्यांच्याबरोबर बहुतेक खरखरही जाते. मात्र सिग्नल एका पातळीच्या वर असेल तरच ही छाटणी नीट होते. पातळीखाली गेला की खरखर एकदम अंगावर येते. म्हणून एफएमला ‘थोडे कमी सिग्नल, थोडी कमी मजा’ असा उतार नसतो, उंबरठा असतो. स्टिरिओत तो आणखी उंच होतो, कारण डाव्या-उजव्या आवाजाचा फरक वेगळ्या उपलहरीवर बसवलेला असतो आणि तिथे गोंगाट लवकर शिरतो. तोच सिग्नल मोनोत ऐकला तर खरखर सुमारे वीस डेसिबलने कमी असते. दूरचे केंद्र खरखरत असेल तर मोनोचे बटण दाबून पाहावे. बरेच जण ते बटण कधी दाबतच नाहीत.

अँटेनाला पैसे घालण्यापूर्वी पेटीचा पाठीमागचा भाग आणि समोरची पट्टी वाचावी. जपानमध्ये जपानसाठी विकलेल्या जुन्या ट्यूनरची एफएम पट्टी सहसा ७६ ते ९० एवढीच असते आणि त्याला १०० व्होल्ट लागतात. जुन्या बाजारात असा ट्यूनर देखणा आणि स्वस्त मिळतो, पण १०१.१ त्याच्या पट्टीवर नाहीच, आणि आपल्या २३० व्होल्टला थेट लावला तर धूर निघेल. काही जुने युरोपी ट्यूनर १०४ पर्यंतच जातात. त्यांना नांदेड केंद्र लागते, पण १०४ च्या वरची केंद्रे लागत नाहीत. आखातातून आलेले बहुतेक ट्यूनर या बाबतीत आपल्याला सोयीचे, कारण तिथली पट्टी आणि व्होल्टेज आपल्या जवळचे आहे.

मागच्या स्क्रूंवर सहसा ३०० आणि ७५ असे ओहमचे आकडे असतात. ३०० ची जोडी जुन्या टीव्हीला यायची तशा चपट्या, दुपदरी वायरसाठी. ७५ म्हणजे गोल केबल, मधली तार स्क्रूखाली आणि भोवतीची जाळी पट्टीखाली. चपटी वायर आता दुकानात क्वचितच दिसते. गोल केबल मात्र घरोघरी आहे: डिशची जी काळी किंवा पांढरी केबल असते, तीच ७५ ओहमची. डायपोलची स्वतःची ओढ ७३ ओहमच्या आसपास असल्यामुळे दोघांचे आयते जमते. केबलची मधली तार एका सत्तर सेंटिमीटरला, जाळी दुसऱ्या सत्तरला, डाग देऊन जोडायची आणि दुसरे टोक ट्यूनरच्या ७५ वर. ट्यूनरला फक्त ३०० ची जोडी असेल तर मध्ये बलून लागतो. टीव्हीच्या अँटेनावाल्यांकडे मिळणारी ही बोटाएवढी डबी ७५ चे ३०० करते. टीव्ही दुरुस्तीच्या जुन्या दुकानात खालच्या खणात अजून दोन-चार सापडतात, मागून पाहा. एक काळजी घ्या: डिशची केबल वापरा, पण ती सेट-टॉप बॉक्सला जोडलेली असता कामा नये. त्या केबलमधून छत्रीच्या डोक्यासाठी वीज जात असते आणि ती जुन्या ट्यूनरच्या तोंडी लावण्यासारखी गोष्ट नव्हे.

नांदेड शहरात राहणाऱ्याला बहुधा एवढेच पुरते. हा डायपोल कपाटामागे किंवा पडद्याच्या दांडीला आडवा बांधावा. मात्र डायपोलला दिशा असते: तो आपल्या दोन्ही बाजूंकडून चांगले ऐकतो आणि टोकांकडून जवळजवळ ऐकत नाही. वायरची टोके केंद्राकडे रोखली तर दीड मीटर असूनही उपयोग नाही. वायरची कूस केंद्राकडे हवी.

दिशा शोधायला होकायंत्र नसेल तर गच्चीवर जा. डीडी फ्री डिशची छत्री ज्या उपग्रहाकडे पाहते तो ९३.५ अंश पूर्वेला आहे. नांदेडहून किंवा लातूरहून हिशेब केला तर तिची दिशा दक्षिणेपासून पूर्वेकडे ४१ ते ४४ अंश येते, म्हणजे जवळपास नेमकी आग्नेय. आपल्या भागातली प्रत्येक फ्री डिश आग्नेय दाखवणारी खूणच झाली. यातून एक छान योग निघतो. लातूरहून नांदेड ईशान्येला आहे, आणि आग्नेय-वायव्य रेषा ईशान्येशी काटकोन करते. तेव्हा लातूरच्या गच्चीवर नांदेडसाठी डायपोल बांधायचा तर वायर छत्रीच्या नजरेच्या रेषेत ताणायची, की कूस आपोआप नांदेडकडे होते. कंधारकरांसाठी नांदेड उत्तरेला, तेव्हा त्यांची वायर पूर्व-पश्चिम.

घर पत्र्याचे असेल तर आतल्या अँटेनाचा नाद सोडावा. पत्रा लहर अडवतो, आणि वायर खिडकीत आणली तरी फारसे काही हाती लागत नाही. स्लॅबच्या घरात भिंतीतले गज थोडे खातात, थोडे येऊ देतात. जुन्या माळवदाच्या, मातीच्या घरात लाकूड आणि माती असल्याने आत चांगले ऐकू येते, हे मला कंधारकडच्या एका घरात प्रत्यक्ष दिसले. पावसाळ्यात माती भिजली की सिग्नल थोडा पडतो.

शहराबाहेर अंतराचा प्रश्न येतो. एफएमच्या लहरी क्षितिजापर्यंत जवळपास सरळ जातात, पृथ्वीच्या गोलाईमागे फार वळत नाहीत. टॉवरची उंची आणि आपल्या अँटेनाची उंची मीटरमध्ये घ्या, दोघांची वर्गमुळे काढा, बेरीज करा आणि ४.१२ ने गुणा. येईल तेवढ्या किलोमीटरवर रेडिओचे क्षितिज. समजा टॉवर १०० मीटर आहे. आपला अँटेना खोलीत, चार मीटरवर असेल तर हे अंतर ४९ किलोमीटर येते. गच्चीवर पाईप उभा करून नऊ मीटर केले तर ५४. सपाट जमिनीवर हा फरक पाचच किलोमीटरचा वाटतो, पण उंच गेल्यावर झाडे, घरे, पत्रे सगळे खाली राहतात, आणि खरा लाभ तिथून येतो.

आता नकाशा पाहा. लोहा आणि कंधार नांदेडपासून सरळ रेषेत तीसेक किलोमीटर, म्हणजे आरामात. मुखेड पन्नाशीच्या घरात, कड्यावर. अहमदपूर साठीच्या पुढे, देगलूर सत्तरच्या पुढे, लातूर सुमारे ११३. त्यात मध्ये बालाघाटची रांग. तिच्या माथ्यावर असलेल्या गावाला डोंगरच टॉवरसारखा उपयोगी पडतो. त्याच रांगेच्या पोटातल्या, दरीतल्या गावाला तोच डोंगर भिंत होतो. एकाच तालुक्यात दोन गावांत जमीन-अस्मानाचा फरक पडतो तो यामुळे. लातूरकराने नांदेडवर हट्ट धरण्यापेक्षा आधी धाराशिवकडे, पश्चिम-नैऋत्येला, वळून पाहावे. तिथल्या आकाशवाणी केंद्राचे अंतर जवळपास निम्मे आहे.

साठ किलोमीटरपलीकडे साधा डायपोल थकतो आणि यागी लागतो. १९२६ मध्ये जपानच्या सेंदाई इथल्या तोहोकू विद्यापीठात शिंतारो उदा आणि हिदेत्सुगु यागी यांनी तो मांडला. प्रयोगांचे बरेचसे काम उदांचे, नाव मात्र यागींचे चालले. जुन्या टीव्हीचा मासळीच्या काट्यासारखा अँटेना तो हाच. डायपोलच्या मागे जरा लांब कांब, पुढे जरा आखूड. मागची परावर्तन करते, पुढची लहरीला वाट दाखवते, आणि सगळे ऐकणे एका दिशेला एकवटते. नांदेडसाठी तीन कांबींचा बनवायचा तर मागची १४७ सेंटिमीटर, मधली १४०, पुढची १३१, आणि प्रत्येकीत साठ सेंटिमीटर अंतर. एकूण दांडा सव्वा मीटरचा. चांगला जमला तर साध्या डायपोलच्या तिपटीहून जास्त सिग्नल देतो, आणि पाठीमागून येणारे नको ते केंद्र दाबतो, हा दुसरा फायदा मला जास्त मोलाचा वाटतो.

मधली कांब दुमडलेली, म्हणजे लांबट कड्यासारखी बंद करून फक्त खालच्या बाजूला मध्ये तोडलेली ठेवावी आणि बलून लावावा. एका कांबीचा साधा डायपोल यागीत बसवला की त्याची ओढ ७३ वरून बरीच खाली घसरते. दुमडल्याने ती पुन्हा वर येते.

ॲल्युमिनियमच्या नळ्या नव्या घेण्याची गरज नाही. दूरदर्शनची लघुशक्ती प्रक्षेपण केंद्रे १९८४ च्या सुमारास गावोगाव उभी राहिली आणि त्यांच्याबरोबर आपल्या छपरांवर अँटेनांचे रान उगवले. केंद्रे बंद झाली, अँटेना भंगारात गेले. भंगारवाल्याकडे जाताना टेप घेऊन जा. कांब दोन मीटरच्या वर असेल तर तो खालच्या पट्ट्याचा अँटेना, कापून आपला होतो. कांब सत्तर-ऐंशी सेंटिमीटरची असेल तर तो वरच्या पट्ट्याचा. त्याची कांब कापून लांब होणार नाही, म्हणून तो जसाच्या तसा लावून ‘टीव्हीचा अँटेना चालत नाही’ असा निष्कर्ष काढू नये. जोडाला स्टेनलेस स्टीलचे स्क्रू वापरा. तांबे आणि ॲल्युमिनियम थेट भेटले की दोन पावसाळ्यांत पांढरी भुकटी धरते आणि सिग्नल कधी येतो कधी जातो, तर्कच लागत नाही. जोडावर एम-सील थापायला विसरू नका, आणि केबल खाली येताना घरात शिरण्याआधी तिला खाली झोल द्या, म्हणजे पाणी तिच्यावरून ओघळत आत न येता तिथेच टपकेल.

केबलबद्दल एक शब्द. डिशच्या चांगल्या केबलमध्ये १०० मेगाहर्ट्झला दर शंभर मीटरला साडेसहा डेसिबलच्या आसपास सिग्नल जातो. गच्चीवरून खोलीपर्यंत पंधरा मीटर धरले तर जेमतेम एक डेसिबल. तेव्हा अँटेना पाच मीटर आणखी उंच न्यायचा असेल तर केबलच्या लांबीची भीती बाळगू नका. लोक उलटे करतात: केबल वाचवायला अँटेना खिडकीत ठेवतात आणि वर बूस्टर घेतात. बूस्टर सिग्नलबरोबर खरखरही वाढवतो, आणि टॉवरजवळच्या घरात तर जुन्या ट्यूनरला बुडवून टाकतो: एकच केंद्र पट्टीवर तीन ठिकाणी ऐकू येऊ लागते. आधी उंची, मग दिशा, मग यागी, आणि बूस्टर अगदी शेवटी, तोही वर, अँटेनाच्या मुळाशी बसवण्याचा.

शहरातली तक्रार वेगळी असते. सिग्नल मीटरचा काटा पूर्ण चढलेला, तरी बातम्या सांगणाऱ्याचा ‘स’ फाटतो. हे सिग्नल कमी असल्याचे लक्षण नव्हे. तीच लहर सरळ येते आणि एखाद्या उंच इमारतीवर किंवा पाण्याच्या टाकीवर आपटून क्षणभर उशिरानेही येते, दोन्ही आतमध्ये भांडतात. यावर अँटेना वाढवून काही होत नाही. त्याला पंधरा-वीस अंश फिरवायचे, किंवा हातभर बाजूला सरकवायचे, आणि मीटरकडे न पाहता कानाने ठरवायचे. मग घरातले एलईडी बल्ब, चार्जर, इन्व्हर्टर एकेक करून बंद करून पाहावेत. माझ्याकडे खरखरीचा दोषी जिन्यातला स्वस्त एलईडी निघाला.

पाईप उभा करताना मात्र कोणतीही घाई करू नये. वीज मंडळाच्या तारेपासून पाईपच्या उंचीच्या दीडपट तरी लांब उभे राहा, म्हणजे तो कुठेही कलला तरी तारेला पोचणार नाही. ११ केव्हीच्या तारेला ओल्या हाताने धरलेला जीआय पाईप लागणे म्हणजे मृत्यू. अशा बातम्या आपण वाचत आलो आहोत. एकट्याने पाईप उभारू नये, वारा असताना उभारू नये. तीन बाजूंनी ताण द्यावेत. पाईप जाड तारेने अर्थिंगच्या खड्ड्याला जोडावा. आणि एवढे करूनही, एप्रिल-मेमध्ये दुपारनंतर ढग दाटले की मामा करत तेच करावे: ट्यूनरची पिन काढावी, आणि अँटेनाची केबलही. अर्थिंग दूर पडलेल्या विजेचा ताण जमिनीत नेते, पाईपवर पडलेल्या विजेपुढे ट्यूनर वाचवेलच असे नाही. कडकडाट ऐकू येऊ लागल्यावर मात्र गच्चीकडे धावू नये, पिनेला आणि केबललाही हात लावू नये. दोन्ही वेळेआधी आतूनच काढता येतील अशी जागा करून ठेवावी.

माझा तीन कांबींचा यागी आता गच्चीवर, जमिनीपासून नऊ मीटरवर आहे. पाईपच्या बुडाला हाताने फिरवायची मूठ बसवली आहे आणि जवळच्या कठड्यावर खडूने दिशा लिहिल्या आहेत. शेजारी एक वही लटकवलेली असते. दिशा, वेळ, मीटरचा काटा, ऐकू आलेली भाषा, एवढेच तिच्यात. आग्नेयेला, डिशच्याच दिशेला, शंभरेक किलोमीटरवर निजामाबादचे आकाशवाणी केंद्र आहे. एरवी ते क्षितिजाखाली असते. पण डिसेंबरच्या पहाटे गोदावरीच्या पात्रावर थंड हवा साचते, तिच्यावर उबदार हवेचा थर येतो, आणि या दोन थरांच्या सीमेवर लहर वाकून क्षितिजापलीकडे उतरते. मग मीटरचा काटा हळूहळू उठतो, खरखर ओसरते आणि तेलुगू बोल अगदी शेजारच्या खोलीत असल्यासारखे स्वच्छ येतात. मोनोचे बटण सोडले तर स्टिरिओचा लाल दिवासुद्धा लागतो. साडेआठला ऊन गच्चीवर चढले की तो दिवा लुकलुकायला लागतो, आणि नऊपर्यंत पट्टीच्या त्या जागी पुन्हा तोच एकसुरी पाऊस.